मधल्या स्पीकरची गोष्ट

चित्रपटगृहाचा पडदा लांबून सलग पांढरा दिसतो, पण जवळ जाऊन पाहिले तर त्याला हजारो बारीक छिद्रे असतात. पडद्यामागच्या स्पीकरांचा आवाज त्या छिद्रांतून आपल्यापर्यंत पोहोचावा, यासाठी ती पाडलेली असतात. पडद्यामागे किमान तीन स्पीकर असतात: डावा, मधला आणि उजवा. बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर ओळीने लावलेले सराउंड स्पीकर वेगळे. स्फोट आणि गडगडाट यांसाठीचा खर्जाचा स्पीकर आणखी वेगळा. एवढा सरंजाम असूनही पात्रांचे जवळजवळ सगळे बोलणे एकाच जागेवरून येते, मधल्या स्पीकरमधून. नायिका पडद्याच्या डाव्या टोकाला असो की उजव्या, तिचा आवाज मधूनच येतो. आणि तरीही तो तिच्या तोंडून आला असे आपल्याला वाटते.

डावीकडच्या माणसाचा आवाज डावीकडून देण्याची सोय १९४० सालापासून उपलब्ध आहे. मग ती वापरली का जात नाही? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाचा, म्हणजे मिक्सिंगचा, सगळा इतिहास उलगडत जातो. यंत्रांचा इतिहास बऱ्याच ठिकाणी लिहिलेला आहे: कोणत्या साली किती ट्रॅक आले, कोणता चित्रपट पहिला, वगैरे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो शिकण्याचा इतिहास. दर वीस-पंचवीस वर्षांनी मिक्सिंग करणाऱ्याच्या हाती जास्त स्पीकर आले, आणि दर वेळी त्याला नव्याने शिकावे लागले ते त्या स्पीकरांमधून काय द्यायचे नाही हे.

एकच वाट

मिक्सिंग म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. चित्रपटाचे संकलन संपते तेव्हा त्याचा आवाज तुकड्यातुकड्यांत असतो. संवाद एका बाजूला, गाणी आणि पार्श्वसंगीत दुसऱ्या बाजूला. पावले, दारे, भांडी, घोड्यांच्या टापा असे प्रसंगातले आवाज तिसरीकडे. रातकिडे, वारा, रहदारी असा परिसराचा आवाज चौथीकडे. हे सगळे एकत्र वाजवून, कशाची पातळी किती हे क्षणाक्षणाला ठरवून, त्यातून शेवटचा ध्वनिपट तयार करणे म्हणजे मिक्सिंग. आपल्याकडे या कामाला अनेक वर्षे री-रेकॉर्डिंग म्हणत.

प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांच्याकडे होती, त्याच दामल्यांकडे ज्यांनी पुढे फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. त्या काळी जगात सगळीकडेच आवाजाला एक वाट होती, एक ट्रॅक. पुढे वापरला गेलेला शब्द म्हणजे मोनो. फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या साहाय्याने छापलेल्या या ट्रॅकला स्वतःची खरखर होती. ती झाकण्यासाठी चित्रपटगृहांत वरचे सूर कापून टाकत. १९३८ साली अमेरिकेतल्या अकॅडमीने त्यासाठी एक ठरावीक प्रमाणही घालून दिले. खरखर कमी झाली, पण तिच्याबरोबर आवाजातली चमकही गेली.

मोनो म्हणजे दारिद्र्य, असा समज मात्र चुकीचा आहे. एका स्पीकरमध्ये डावे-उजवे नसते, पण जवळ-लांब असते. लांबच्या माणसाचा आवाज नुसता बारीक होत नाही. त्यातले वरचे सूर झिजतात आणि खोलीच्या भिंतींवरून परतलेला आवाज मूळ आवाजाच्या तुलनेत वाढतो. या तीन गोष्टी हातात असल्या की एका भोकातून अंगणही ऐकवता येते आणि माजघरही. प्रश्न गर्दीचा असतो. सनई आणि बाईचा आवाज एकाच पट्टीत आले की एक दुसऱ्याला झाकतो. त्यामुळे मोनोत काम करणाऱ्याला आधी निवड शिकावी लागे. एका क्षणाला प्रेक्षकाने नेमके काय ऐकायचे, हे ठरवल्याशिवाय त्याचे पानच हलत नसे.

कामाची पद्धतही कठोर होती. सुमारे दहा मिनिटांचे एक रीळ सगळ्या ट्रॅकसह सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात मिसळावे लागे. नवव्या मिनिटाला हात चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मध्येच थांबून, मागे जाऊन, चुकलेला तुकडा तेवढाच भरून काढण्याची सोय साठच्या दशकात येऊ लागली. ज्यांचे हात या शिस्तीत तयार झाले, त्यांना अख्खे रीळ एखाद्या बंदिशीसारखे पाठ असे.

दोन कानांचा शोध

पडद्यावरचा माणूस एकीकडे आणि त्याचा आवाज भलतीकडे, हे खटकल्यामुळे एका इंग्रज अभियंत्याने स्टिरिओचा पाया घातला. त्याचे नाव अ‍ॅलन ब्लमलाइन. लंडनच्या ईएमआयमध्ये काम करणाऱ्या ब्लमलाइनने डिसेंबर १९३१मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आज स्टिरिओ म्हणून जे ओळखले जाते, त्यातले बरेच काही त्या एका अर्जात आहे. १९३५ साली त्याने प्रयोगासाठी छोट्या फिल्मही घेतल्या. त्यात माणसे चालत-बोलत पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात आणि आवाज त्यांच्याबरोबर सरकतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, विमानातल्या रडारच्या चाचणीदरम्यान अपघातात तो गेला. तेव्हा तो चाळिशीच्या आतच होता.

अटलांटिकपलीकडे बेल प्रयोगशाळेत याच प्रश्नावर वेगळ्या बाजूने काम चालू होते. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि टेलिफोनच्या तारांवरून तो वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला जात होता. वाद्यवृंदाचा प्रमुख लिओपोल्ड स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाच्या पातळ्या हाताळत होता. तिथे स्पीकर दोन नव्हते, तीन होते. मधल्या स्पीकरची गोष्ट इथून सुरू होते.

आपल्या घरातल्या स्टिरिओला दोन स्पीकर पुरतात, कारण ऐकणारा मधोमध बसतो. दोन्हींकडून एकच आवाज एकाच क्षणी आला की मेंदू तो मध्यावर मांडतो, तिथे स्पीकर नसला तरीही. पण सभागृहात मधोमध बसणारे थोडेच. समजा, दोन स्पीकरांमध्ये दहा मीटर अंतर आहे आणि तुम्ही डाव्याच्या बरोबर समोर आठ मीटरवर बसला आहात. उजवा तुमच्यापासून सुमारे १२.८ मीटरवर पडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज सुमारे १४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढा उशीर कानाला पुरतो. जो आवाज आधी पोहोचला त्याच्याच दिशेला मेंदू सगळे श्रेय देऊन टाकतो. जर्मनीत हेल्मुट हास याने १९४९च्या सुमारास हे मोजून दाखवले: साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज काहीसा मोठा असला तरी दिशा पहिल्याचीच राहते. म्हणून चित्रपटगृहात दोनच स्पीकर ठेवले, तर डावीकडच्या खुर्च्यांना मधला नायक डावीकडे ऐकू येईल आणि उजवीकडच्यांना उजवीकडे. मध्यभागी खरा स्पीकर असणे ही चैन नव्हती. स्वस्त तिकिटाच्या कडेच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला न्याय देण्याचा तो एकमेव मार्ग होता.

स्टोकोव्स्की पुढे वॉल्ट डिस्नेबरोबर काम करू लागला आणि त्यातून १९४० साली ‘फँटेशिया’ आला. त्यासाठी आवाजाची वेगळी फिल्म होती, तीन ट्रॅक आवाजाचे आणि चौथा त्यांच्या पातळ्या हलवणारा. आवाज एका स्पीकरकडून दुसऱ्याकडे सरकवण्यासाठी डिस्नेच्या अभियंत्यांनी जे बटण बनवले, तेच आज प्रत्येक मिक्सिंग टेबलावर असणारे पॅन-पॉट. एका चित्रपटगृहात ही सगळी यंत्रणा बसवायला सुमारे ८५ हजार डॉलर लागत. युद्ध तोंडावर होते. मोजक्या शहरांपलीकडे ती गेली नाही, आणि देशभर ‘फँटेशिया’ पोहोचला तो साध्या मोनोत. स्टिरिओचा पहिला चित्रपट बहुतेकांनी स्टिरिओत ऐकलाच नाही.

पळणारे संवाद

दुसरी लाट दूरचित्रवाणीच्या धास्तीने आली. घरात बसलेल्या प्रेक्षकाला बाहेर काढण्यासाठी हॉलिवुडने पडदा रुंद केला. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये, जिथे बारा वर्षांपूर्वी ‘फँटेशिया’ लागला होता तिथेच, सिनेरामा सुरू झाला. त्याला चुंबकीय पट्टीवरचे सात ट्रॅक होते. पुढच्या वर्षी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ‘द रोब’ सिनेमास्कोपमध्ये आणला. इथे चित्राच्याच फिल्मवर चार चुंबकीय पट्ट्या होत्या, तीन पडद्यामागच्या स्पीकरांसाठी आणि चौथी प्रेक्षागृहातल्या स्पीकरांसाठी. चौथ्या पट्टीची खरखर शांत प्रसंगांत डोक्यामागे ऐकू येई. म्हणून तिच्यावर १२ हजार हर्ट्झचा एक सूर टाकत. तो सूर असेल तेव्हाच मागचे स्पीकर चालू होत, एरवी बंद.

पडदा एवढा रुंद, तर आवाजही पात्राबरोबर हिंडला पाहिजे, असे फॉक्सच्या मंडळींना वाटले आणि ते स्वाभाविकच होते. डावीकडचा डावीकडून बोले, उजवीकडचा उजवीकडून. पात्र चालू लागले की आवाज चालू लागे. रंगभूमीवर असेच तर घडते! पण रंगभूमीवर कट नसतो. चित्रपटात पात्र उजव्या टोकाला बोलत असते, आणि शब्दाच्या मध्यावर क्लोज-अप येतो. तेच पात्र आता पडद्याच्या मधोमध असते. डोळा ही उडी सहज मारतो, कारण कट पचवायला तो शिकला आहे. कान मारत नाही. आवाज एका स्पीकरवरून दुसऱ्यावर पडला की कानाला माणूस पळाल्याचा भास होतो. चार कट झाले की प्रेक्षक संवाद ऐकायचे सोडून स्पीकर मोजू लागतो.

फॉक्सच्या आणि सत्तर मिलिमीटरच्या काही चित्रपटांत हिंडते संवाद बरीच वर्षे टिकले. पण हळूहळू बोलणे मध्ये, संगीत तिन्ही स्पीकरांवर पसरलेले आणि प्रसंगातले आवाज गरजेप्रमाणे, अशी वाटणी रूढ झाली. ज्याचे ओठ हलताना दिसतात त्याच्याकडे मेंदू आवाज ओढून नेतो. बोलक्या बाहुल्यांचा खेळ याच भरवशावर चालतो. म्हणजे मधल्या स्पीकरचे अर्धे काम प्रेक्षकाचे डोळेच करतात.

मागच्या स्पीकरांबाबतही असाच धडा मिळाला. पडद्यावर नसलेला तीक्ष्ण आवाज मागून आला की प्रेक्षक मान वळवतो, आणि मागे त्याला दिसते काय, तर बाहेर जाण्याच्या दाराची लाल पाटी. त्या क्षणी चित्रपट त्याच्या हातून निसटतो. या व्यवसायात या फजितीला त्या पाटीचेच नाव पडले. म्हणून सराउंडमध्ये पाऊस, वारा, गर्दीचा गलबला, घुमणारे संगीत असे दिशा न दाखवणारे आवाज द्यावेत, हा संकेत ठरला.

मिनर्व्हातले नाणे

आपल्याकडे सत्तर मिलिमीटर आणि स्टिरिओ घेऊन आला तो १९६७चा ‘अराउंड द वर्ल्ड’. पण ही भाषा लोकांच्या कानात शिरली ती १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’मुळे. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. सत्तर मिलिमीटरच्या प्रतींचे काम लंडनमध्ये झाले. जयने उडवलेले नाणे पडले की प्रेक्षक आपल्या खुर्चीखाली वाकून पाहत, ही आठवण त्या पिढीतल्या अनेकांनी सांगितली आहे. लोक ती कौतुकाने सांगतात आणि ते रास्तच आहे. पण दाराच्या लाल पाटीचा नियम आठवला तर तीच आठवण वेगळीही वाचता येते. ऐन शेवटच्या भागात, मैत्रीचा हिशोब ज्या नाण्यावर ठरतो तिथे, प्रेक्षकाची नजर पडद्यावरून निघून खुर्चीखाली जात होती.

‘शोले’च्या री-रेकॉर्डिंगवर नाव आहे ते मंगेश देसाई यांचे. व्ही. शांतारामांनी १९४२ साली परळला सुरू केलेल्या राजकमल कलामंदिरातले ते री-रेकॉर्डिस्ट. ‘पाकीजा’ त्यांच्या हातून गेला, सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ही गेला. चित्रपटाच्या जाहिरातीत अशी नावे येत नाहीत, पण त्या काळातल्या कितीतरी दिग्दर्शकांचा शेवटचा थांबा राजकमल होता.

इथे एक गोष्ट विसरली जाते. सत्तर मिलिमीटरची यंत्रणा असलेली चित्रपटगृहे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी देशाने ‘शोले’ पाहिला तो पस्तीस मिलिमीटरवर, मोनोत. तालुक्याच्या गावात, जत्रेतल्या तंबूत, एका कर्ण्यावर. गब्बरच्या पहिल्या प्रवेशात खडकावर वाजणारे बूट आणि दगडावर घासत जाणारा पट्टा, ठाकूरच्या घरच्या हत्याकांडानंतर वाऱ्याने करकरणारा झोपाळा, जयचा माउथ ऑर्गन, हे सारे त्या एका वाटेतून आले आणि तरी देशाला पाठ झाले. त्या प्रसंगांत आवाज मोजके आहेत. झोपाळा करकरतो तेव्हा बाकी जवळपास सगळे मागे सरलेले असते. भीती स्पीकरांच्या संख्येतून आलेली नाही. ती शांततेतून आलेली आहे.

दोन वाटांत चार आवाज

चुंबकीय पट्ट्यांच्या प्रती महाग होत्या आणि लवकर झिजत. म्हणून सत्तरच्या दशकापर्यंत बहुतेक चित्रपटगृहे मोनोतच राहिली. ही कोंडी ज्याच्या नावाने फुटली, त्या रे डॉल्बीचा भारताशी संबंध आहे. १९६३ ते १९६५ या काळात तो युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून चंडीगढला होता. टेपवरची खरखर कशी घालवायची, हा प्रश्न त्याच्या डोक्यात तेव्हा घोळत होता. भारतातून गेल्यावर १९६५ साली त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. खरखर खरोखरच कमी झाली, तेव्हा १९३८पासून कापले जाणारे वरचे सूर परत आणता आले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फिल्मच्या कडेला जिथे एक ट्रॅक बसत होता, तिथे दोन अरुंद ट्रॅक बसवता आले.

या दोन ट्रॅकांत डॉल्बी स्टिरिओने चार आवाज कोंबले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. मधला दोन्ही ट्रॅकांवर सारखाच. सराउंडही दोन्हींवर, पण एकमेकांच्या उलट्या कलेने. चित्रपटगृहातले यंत्र दोन्ही ट्रॅकांत सारखे असेल ते मध्ये पाठवी आणि विरुद्ध असेल ते मागे. १९७५ साली ‘लिस्टोमेनिया’ने याची सुरुवात झाली, १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने चित्रपटगृहांच्या मालकांना पैसे खर्च करायला लावले.

मिक्सिंग करणाऱ्यासाठी ही नवी शाळा होती. चार गोष्टी दोनांत घालून पुन्हा चार काढल्या की त्या जशाच्या तशा निघत नाहीत. संगीतात चुकून उलट्या कलेचे काही असेल तर व्हायोलिने भिंतीवर जाऊन बसत. संवाद मोठा झाला की बाकीचा परिसरही मध्याकडे ओढला जाई. फिल्मवर थोडी जरी गडबड असली तरी संवादाचा अंश मागे गळे. हे गळणे लपवण्यासाठी मागचा आवाज काही मिलिसेकंद मुद्दाम उशिरा सोडत. हासचा तोच नियम: आधी पडद्यावरून ऐकू आले म्हणजे दिशा पडद्याचीच. या सगळ्यामुळे मिक्सिंग करतानाच आवाज चारांतून दोनांत आणि दोनांतून चारांत फिरवून ऐकावा लागे. आपण काय दिले याला महत्त्व उरले नाही; शेवटच्या खुर्चीला काय मिळाले, ते ऐकून हात चालवायचा.

कधी आवरायचे

आवरते घेण्याची ही कला आराखड्यासारखी मांडणारा माणूस म्हणजे वॉल्टर मर्च. १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी त्याच्यापुढे पडद्यावर तीन, मागे डावा आणि उजवा असे दोन वेगळे आणि खर्जासाठी स्वतंत्र, असे ट्रॅक होते. आजच्या ५.१ची ही घडण. सुरुवातीलाच हेलिकॉप्टरचा भुताटकीसारखा आवाज प्रेक्षागृहाभोवती फिरतो. पण मर्चने अख्खा चित्रपट तसा ठेवला नाही. कोणता भाग मोनोत, कोणता स्टिरिओत आणि कुठे सगळे स्पीकर उघडायचे, हे त्याने आधीच आखून घेतले. त्यामागचा तर्क साधा होता. सतत भोवती असणारा आवाज थोड्या वेळाने ऐकूच येत नाही. खोली मोठी वाटायला हवी असेल तर आधी ती लहान करावी लागते.

मर्चचा आणखी एक निष्कर्ष शिकणाऱ्यांच्या फार उपयोगाचा आहे. पडद्यावर एक माणूस चालत असेल तर प्रत्येक पाऊल जुळवावे लागते. दोघे असतील तरी जुळवावे लागते. तीन झाले की मेंदू मोजणे सोडतो आणि त्याला घोळका ऐकू येतो. एका वेळी दोन-अडीच गोष्टींपलीकडे कानाचे लक्ष जात नाही. स्पीकर तीन असोत की तीस, ही मर्यादा तीच राहते.

नव्वदच्या दशकात आवाज अंकांच्या रूपात आला. १९९२चा ‘बॅटमॅन रिटर्न्स’ डॉल्बी डिजिटल घेऊन आला. १९९३च्या ‘जुरासिक पार्क’चा आवाज फिल्मबरोबर चालणाऱ्या वेगळ्या तबकडीवर होता. याच सुमारास हिंदी चित्रपट डॉल्बी स्टिरिओकडे वळला. १९९४चा ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ हे सुरुवातीच्या चित्रपटांतले ठळक नाव. पण आपली अडचण वेगळी होती. आपल्याकडे संवाद चित्रीकरणाच्या जागी न घेता नंतर स्टुडिओत डब होत. त्यामुळे त्या जागेचा परिसर, पंखा, रस्ता, पक्षी हे काहीच हाती नसे. ही पोकळी आजवर पार्श्वसंगीताने भरली होती. आता भिंतींवर स्पीकर आले आणि त्यांतून द्यायला परिसरच नव्हता. म्हणून त्या काळातल्या कितीतरी चित्रपटांत सराउंडमधून येतात ते ठोशांचे पडसाद आणि कोरस. २००१च्या ‘लगान’सारख्या चित्रपटांनी जागेवरच आवाज घ्यायला सुरुवात केल्यावर भिंतींना बोलायला काहीतरी मिळाले. प्रभातच्याच जागेत १९६० साली सुरू झालेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ध्वनी शिकून निघालेल्यांचा या बदलात मोठा वाटा आहे. त्यांतल्या रसूल पोकुट्टी यांना २००९ साली ऑस्करही मिळाले.

२०१२पासूनच्या डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये छतावरही स्पीकर असतात, एकूण ६४पर्यंत. आता हवा तो आवाज हव्या त्या बिंदूवर ठेवता येतो. म्हणजे फॉक्सचा १९५३चा मोह पुन्हा समोर उभा आहे, अनेक पटींनी मोठा. अशा वेळी २०१६चा ‘सैराट’ आठवावा. त्याच्या संगीतासाठी हॉलिवुडमध्ये मोठा वाद्यवृंद वाजला. त्याच चित्रपटाच्या शेवटी लहान मूल रक्ताळलेल्या पावलांनी बाहेर येते, तेव्हा ध्वनिपटावर काहीच नाही. सगळे स्पीकर हाताशी असताना नागराज मंजुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सगळे बंद केले. त्या शांततेत शेजारच्या खुर्चीवरचा श्वास ऐकू येतो, आणि तो कुठल्याही यंत्राने देता येणार नाही.

जुन्या ध्वनिपटांचे काय?

इथवरचा इतिहास नुसता कुतूहलाचा राहत नाही, तो जुन्या चित्रपटांचे आज जे चालले आहे त्यामुळे. जुना चित्रपट नवा करून विकायचा म्हटला की पहिली सूचना येते ती ‘मोनो कोण ऐकणार, ५.१ करा’ ही. १९५८च्या ‘व्हर्टिगो’चे १९९६ साली नूतनीकरण झाले, तेव्हा पावले आणि गोळ्यांचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करून घातले गेले. चित्र जुने आणि बूट नवे, हा विसंवाद अनेक जाणकारांना खटकला. ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली रंगीत झाला, तेव्हा गायकांचे मूळ आवाज ठेवून वाद्यमेळ पुन्हा बांधला गेला. नौशाद स्वतः त्यात होते, म्हणून निदान संगीतकाराची संमती तरी होती. प्रत्येक चित्रपटाच्या नशिबी ती नसते.

मोनो पसरवून सराउंड करताना नेमके काय घडते? मिक्सिंग करणाऱ्याने एका वाटेत जे आवाज एकमेकांना टेकून बसवले होते, ते उचलून वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले जातात. झाकण्यासाठी झाकलेले उघडे पडते. लांब ठेवलेली सनई जवळ येते. मुख्य म्हणजे निवड पुसली जाते, आणि निवड हेच तर त्या माणसाचे काम होते. मंगेश देसाईंसारख्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांचे म्हणणे काय होते, ते त्या एका ट्रॅकवरच लिहिलेले आहे.

नव्या आवृत्त्या काढू नयेत, असे माझे म्हणणे नाही. नव्या पिढीला चित्रपट पोहोचायचा तर थोडी सजावट चालेल. आग्रह एवढाच, की जिथे नवा ध्वनिपट येईल तिथे मूळ ध्वनिपटही सोबत ठेवावा आणि प्रेक्षकाला तो निवडता यावा. ‘व्हर्टिगो’च्या काही नंतरच्या आवृत्त्यांत मूळ मोनो परत दिला गेला, आपल्याकडेही ते जमण्यासारखे आहे, खर्च नगण्य आहे. पुण्यात १९६४पासून चित्रपटसंग्रहालय आहे. चित्राची नेगेटिव्ह जपायची ही जाणीव आता बऱ्यापैकी रुजली आहे. तीच जाणीव ध्वनीच्या नेगेटिव्हबद्दल आणि चुंबकीय पट्ट्यांबद्दल हवी, आणि लवकर हवी. फिल्मचे रंग फिके पडले तरी काहीतरी दिसत राहते. पट्टीवरचा चुंबकीय थर सुटू लागला की त्यावरचा आवाज त्या भुकटीबरोबरच जातो, आणि तो पुन्हा कुठून आणायचा, याचे उत्तर कोणाकडेच नसते.